पत्ता चुकलेली औषधे

दिवाळीच्या आठ दिवस आधीपासून आमच्या माजघरातल्या फळीवर डब्यांची रांग लागते. चकल्यांचा डबा, करंज्यांचा डबा, चिवड्याचा उंच डबा, आणि अगदी कोपऱ्यात एक लहानसा पितळी डबा. घरात येणाऱ्या मुलांचा हात हमखास त्या पितळी डब्याकडे आधी जातो. काहीतरी खास म्हणूनच तो कोपऱ्यात लपवला आहे, अशी त्यांची समजूत असते. झाकण उघडले की आत पांढऱ्या गोळ्यांची पाकिटे दिसतात आणि बिचारी हिरमुसून लाडवांकडे वळतात.

हा डबा माझ्या धाकट्या भावाचा, बाळूचा. पूर्वी त्यात आई केशर आणि वेलदोडे ठेवीत असे. १९९६ सालच्या गळीत हंगामात उसाची ट्रॉली बांधावरून कलंडली, बाळू वरून पाठीवर पडला, आणि त्याच्या मज्जारज्जूला इजा झाली. त्या वर्षापासून केशर दुसऱ्या बाटलीत गेले आणि डब्यात ह्या गोळ्या आल्या. गोळीचे नाव बॅक्लोफेन. सकाळी, दुपारी, रात्री.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. अफझलखानाच्या भेटीची तारीख मला झोपेत विचारली तरी सांगता येईल; पण माझ्याच घरात दिवसातून तीनदा येणारी ही गोळी कुठून आली, कोणी केली, कशासाठी केली, हे बरीच वर्षे मला ठाऊक नव्हते. एके दिवशी बाळूनेच विचारले, "दादा, तू जगाचा इतिहास सांगतोस. माझ्या गोळीचा सांग की!" मी निरुत्तर झालो. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा त्या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि जे हाती आले ते इतके विलक्षण होते की फराळाच्या ताटाबरोबर वाचकांपुढेही ठेवावेसे वाटले.

आधी रोगाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. मज्जारज्जू दुखावला की पाय लुळे पडतात, एवढे सर्वांना माहीत असते. पहिले काही आठवडे बाळूचेही पाय ओल्या धोतरासारखे पडून असत. मग हळूहळू त्यांच्यात जोर येऊ लागला. आईने देवापुढे साखर ठेवली. पण तो जोर बाळूचा नव्हता. पाय आपल्या मनाने लाकडासारखे ताठ होत, गुडघे एकमेकांवर घट्ट आवळले जात, आणि रात्री नुसता पांघरुणाचा स्पर्श झाला तरी दोन्ही पाय झटका मारून उडत. एकदा तर उशाशी ठेवलेला तांब्या पार दारापर्यंत गेला. डॉक्टर ह्या ताठरपणाला स्पॅस्टिसिटी म्हणतात. अर्धांगवायूनंतर, जन्मतः मेंदूला इजा झालेल्या मुलांत, मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या मज्जातंतूंच्या रोगांत, अशा अनेक वाटांनी तो माणसाच्या अंगात शिरतो.

हे असे का व्हावे? आमच्या डॉक्टरांनी मला एक दृष्टांत दिला होता. मेंदू म्हणजे शहरात राहणारा मालक, आणि मज्जारज्जू म्हणजे गावच्या वाड्यावरचा दिवाणजी. मालकाची पत्रे रोज येतात. आपल्याला वाटते की त्यांत 'हे कर, ते कर' एवढेच असेल. प्रत्यक्षात त्यांतली पुष्कळशी पत्रे 'थांब, गडबड करू नकोस' अशी असतात. पूल वाहून गेला, पत्रे बंद झाली, की दिवाणजी मोकाट सुटतो. स्नायू जरा ताणला गेला की तो 'आवळा' म्हणून ओरडतो, आणि शांत राहा म्हणून सांगणारा वर कोणी उरत नाही.

हा रोग पुस्तकात नीट नोंदवणारा माणूस स्वतःच लंगडा होता. लंडनचा विल्यम जॉन लिटल. लहानपणीच्या पोलिओने त्याचा एक पाय आत वळला होता. इंग्लंडात उपाय सापडेना म्हणून तो जर्मनीत गेला, आणि १८३६ साली हॅनोव्हरच्या श्ट्रोमायर नावाच्या शस्त्रवैद्याने त्याच्या टाचेमागची शीर कापून पाय सरळ केला. बरा झालेला हा रोगी तीच विद्या शिकून परतला आणि इतरांचे पाय सरळ करू लागला. १८४३ च्या सुमारास त्याने ताठ हातापायांच्या मुलांवर व्याख्याने दिली. पुढे १८६१ साली, जन्माच्या वेळी बाळाला झालेल्या इजेशी ह्या ताठरपणाचा संबंध असतो, हे त्याने डॉक्टरांच्या सभेत मांडले. त्या निबंधात त्याने शेक्सपिअरच्या तिसऱ्या रिचर्डचाही दाखला दिला. पुष्कळ वर्षे ह्या रोगाला 'लिटलचा रोग' असेच म्हणत. अशा मुलांना आपल्याकडे फार काळ घराच्या मागच्या खोलीतच जागा होती. १९७२ साली मिठू अलूर यांनी आपल्या मुलीच्या निमित्ताने मुंबईत त्यांच्यासाठी शिक्षणाची संस्था उभी केली, तेव्हा कुठे ही मुले शाळेच्या वर्गात दिसू लागली.

लिटलने रोग नोंदवला. त्याच्या मुळाशी गेले ते सर चार्ल्स शेरिंग्टन. १८९८ साली त्यांनी मांजरांवरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. मेंदूच्या वरच्या भागाशी संबंध तोडल्यावर मांजराचे चारही पाय ताठ होत. मग त्यांनी एका पायाकडून मज्जारज्जूकडे खबर नेणाऱ्या नसा कापल्या, आणि तो पाय सैल पडला! म्हणजे ताठरपणा स्नायूत भरलेला नसतो. खाली-वर फिरणाऱ्या खबरीच्या चक्रात तो असतो. चक्र कुठेतरी मंद केले तर ताठरपणा उतरेल. शेरिंग्टनांनी आणखी एक गोष्ट टिपून ठेवली होती. ते ताठ झालेले मांजर जमिनीवर ठेवले तर चक्क उभे राही. ह्या ताठरपणाला त्यांनी उभे राहण्याचीच एक अतिरेकी तऱ्हा मानले. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे आमच्या घरात त्याचे काम पडणार आहे.

आता औषधांकडे वळू. इतिहासाच्या मास्तराची अपेक्षा अशी की रोग कळला, कारण कळले, म्हणजे मग शहाण्या माणसांनी बसून औषध केले असेल. तसे मुळीच झाले नाही. ह्या रोगाच्या औषधांची कथा म्हणजे पत्ता चुकलेल्या पत्रांची कथा आहे.

पहिले पत्र दक्षिण अमेरिकेच्या जंगलातून निघाले. तिथले आदिवासी काही वेलींच्या साली उकळून काळा, चिकट काढा करीत आणि बाणांच्या टोकांना लावीत. हेच कुरारी. बाण लागलेले जनावर तडफडत नाही. त्याचे अंग ढिले पडते, शेवटी श्वासाचे स्नायूही थांबतात आणि ते मरते. फ्रान्सच्या क्लोद बर्नार याने बेडकांवर प्रयोग करून दाखवले की हे विष मज्जातंतू आणि स्नायू यांच्या सांध्यावर काम करते. रिचर्ड गिल नावाचा एक अमेरिकन गृहस्थ इक्वेडोरमध्ये राहात असे. १९३०-४० च्या दशकात त्याला मज्जातंतूंचा रोग जडला, हातपाय दुबळे आणि ताठ झाले. कुरारीने असा ताठरपणा कदाचित उतरेल, असे एका डॉक्टराच्या तोंडून त्याने ऐकले. पण खात्रीचा कुरारी मिळणार कुठे? गिलने जिद्दीने पुन्हा चालण्यापुरते बळ कमावले, आणि १९३८ साली स्वतःच मोहीम काढून जंगलात गेला. आदिवासींकडून काढा करण्याची रीत पाहून तो सुमारे अकरा किलो कुरारी घेऊन परतला.

स्वतःच्या रोगासाठी जंगल तुडवणाऱ्या ह्या माणसाची मिळकत अखेर कोणाच्या उपयोगी पडली? ताठरलेल्या मुलांना ती नेब्रास्कात देऊन पाहिली. अंग थोडा वेळ सैल होई, आणि परत पूर्ववत. शिवाय कुरारीला आपपर कळत नाही. ताठ स्नायू, चांगला स्नायू, श्वासाचा स्नायू, सगळ्यांना तो एकाच मापाने मोजतो. पण २३ जानेवारी १९४२ रोजी माँट्रियलच्या हॅरोल्ड ग्रिफिथ यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी भुलेबरोबर कुरारी दिला, आणि पोटाचे स्नायू अलगद सैल झाले. भूलशास्त्राचा तिथे कायापालट झाला. ताठरपणासाठी निघालेले पत्र शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊन पोचले. आपले पोट उघडून ज्यांचे प्राण वाचले आहेत, त्यांतल्या कितीजणांना गिल ठाऊक असेल?

दुसरे पत्र लंडनमधून निघाले. फ्रँक बर्गर हा चेकोस्लोव्हाकियातून नाझींच्या भीतीने इंग्लंडात आलेला डॉक्टर. त्या वेळी पेनिसिलिन नवे होते, आणि काही जंतू त्याचा नाश करीत. त्या जंतूंना मारून पेनिसिलिन टिकवील असे द्रव्य बर्गर शोधत होता. त्यासाठी केलेले एक संयुग उंदरांना टोचून पाहिले, तर उंदीर पाय पसरून निपचित पडले. डोळे उघडे, श्वास ठीक, हृदय ठीक. फक्त अंग सैल. थोड्या वेळाने उठून चालू लागले. एखाद्याने 'आपल्या कामाचे नाही' म्हणून ते संयुग बाजूला ठेवले असते. बर्गरने उंदरांकडे पाहिले, आणि पाहातच राहिला. १९४६ साली ब्रॅडलीबरोबर त्याने ते प्रसिद्ध केले. हेच मेफेनेसिन. मज्जारज्जूतल्या खबरीच्या चक्रालाच ते मंद करीत होते, म्हणून ताठरपणाच्या रोग्यांना ते देऊन पाहण्यात आले. दोष एवढाच की गुण फार थोडा वेळ टिके. बर्गर अमेरिकेत गेला, टिकाऊ औषधाच्या शोधात राहिला, आणि १९५५ साली बाजारात आले मेप्रोबमेट. मनाची घालमेल कमी करणारी गोळी म्हणून अमेरिकेत तिच्यावर झुंबड उडाली. जंतूंसाठी निघालेले पत्र ताठ पायांशी क्षणभर थांबले, आणि शेवटी चिंताग्रस्त मनांच्या घरी उतरले.

तिसरे पत्र आमच्या पितळी डब्याचे. १९५० साली शास्त्रज्ञांना मेंदूत गाबा नावाचे एक द्रव्य आढळले होते. मज्जातंतूंना 'शांत व्हा' म्हणून सांगणे हे त्याचे काम, असे पुढे दिसून आले. दृष्टांतातल्या मालकाची थांबा म्हणणारी पत्रे ज्या शाईने लिहिली जातात, तीच ही शाई म्हणाना! स्वित्झर्लंडमध्ये बाझेल शहरी सिबा कंपनीत हाइनरिख केबर्ले नावाचे रसायनज्ञ होते. त्यांच्यापुढे प्रश्न होता अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा. मेंदूत उठणारे वादळ शमवायला गाबासारखे दुसरे काय असणार? पण बाहेरून दिलेला गाबा रक्तातून मेंदूत शिरत नाही. वेशीवरचा पहारा त्याला अडवतो. केबर्ले यांनी गाबाच्या रेणूला क्लोरीन असलेले एक वर्तुळ जोडले, म्हणजे वेशीतून आत जाण्याजोगा पोशाखच चढवला म्हणा, आणि १९६२ साली बॅक्लोफेन तयार झाले.

फेफऱ्यावर ते चालले नाही. निकाल निराशाजनक आले. कारखान्याच्या वहीत इथेच त्याचा शेवट व्हायचा. परंतु ज्यांना ते दिले होते त्यांच्यातल्या काहींचे ताठ हातपाय सैल पडल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. मग त्या अंगाने चाचण्या झाल्या, आणि १९७० च्या दशकात बॅक्लोफेन ताठरपणाचे औषध म्हणून जगभर जाऊ लागले. गंमत पाहा, ते नेमके कुठे चिकटते हे त्यानंतर कळले. १९८० साली नॉर्मन बावरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की गाबाला उतरायला दोन जातींचे धक्के असतात, आणि बॅक्लोफेन त्यांतल्या दुसऱ्या, तोवर अज्ञात असलेल्या धक्क्यावर उतरते. आधी गुण, मग कारण.

माणसाने शांत करणाऱ्या द्रव्याची नक्कल केली. निसर्गाने नेमकी उलटी नक्कल आपल्या शेतात करून ठेवली आहे. विदर्भाच्या पूर्वेकडे भंडारा-चंद्रपूर भागात लाखेची डाळ पिकते. पाऊस दगा देतो तेव्हाही हे पीक उभे राहते, म्हणून गरिबाचा आधार. पण महिनोन्‌महिने मुख्यतः तिच्यावरच पोट भरले तर पाय ताठतात, माणूस कात्रीसारखे पाय टाकत चवड्यांवर चालू लागतो. कर्नल स्लीमन यांनी १८४४ च्या आपल्या पुस्तकात सागर भागातली अशी हकीकत लिहून ठेवली आहे: गव्हाची पिके बुडाली, लोकांनी केसरी डाळ खाल्ली, आणि तरणीताठी माणसे पायांनी गेली. १९६४ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी ह्या डाळीतले विष वेगळे काढले. मज्जातंतूंना चेतवणारे जे द्रव्य आपल्या शरीरात असते, त्याच्यासारखा वेष ह्या विषाने घेतलेला असतो. रोग आणि औषध दोघेही बहुरूपीच. एक आग लावणारा, दुसरा विझवणारा. मात्र त्या डाळीने एकदा गेलेले पाय सहसा परत येत नाहीत. औषध ताठरपणा थोडा सैल करते, एवढेच.

हे सगळे वाचून मला वाटू लागले की आपल्याला गोळी कळली. पण तिचे खरे शिक्षण आमच्या घरात आधीच होऊन गेले होते, आणि ते करणारी होती बाळूची बायको, सुमन. ती सातवीपर्यंत शिकलेली.

गोळी सुरू झाली तेव्हाची गोष्ट. पाच मिलिग्रॅमपासून चढवत चढवत डॉक्टरांनी मात्रा वाढवली. रात्रीचे झटके थांबले, तांब्या जागेवर राहू लागला, बाळूला गाढ झोप लागू लागली. आम्ही सर्व खूश. आणि महिन्याभरात बाळू, जो काठ्यांच्या आधाराने दारापर्यंत येऊ लागला होता, तो उभा राहीनासा झाला. उठवले की गुडघे मोडत. मी म्हणालो, "रोग वाढला." आई म्हणाली, "दृष्ट लागली." सुमन दोन दिवस काही बोलली नाही, नुसती पाहात होती. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दादा, रोग नाही वाढला. ते ताठ पायावरच उभे राहात होते. ताठा गेला, आता उभं कशावर राहणार?"

मी ते डॉक्टरांना जसेच्या तसे सांगितले. ते क्षणभर गप्प झाले, मग म्हणाले, "तुमच्या भावजयीचं बरोबर आहे." दुर्बळ झालेल्या पायाला तो ताठरपणाच खांबासारखा उपयोगी पडत होता. त्यांनी दिवसाची मात्रा उतरवली, रात्रीची ठेवली. दिवसा उभे राहण्यापुरता ताठा, रात्री झोपण्यापुरती सैलाई. बाळू पुन्हा दारापर्यंत येऊ लागला. पुढे काही वर्षांनी शेरिंग्टनांचे ते मांजर माझ्या वाचनात आले, ताठ होऊन उभे राहिलेले, आणि पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात गेलो. सुमन भाकरी थापत होती. नोबेल पारितोषिक मिळालेल्या एका सरांनी तुझ्यासारखेच म्हटले आहे, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, "त्यांच्या घरी पण कोणी होतं का असं?"

पुढच्या काळात औषध नेमक्या जागी पोचवण्याच्या युक्त्या निघाल्या. तोंडाने घेतलेले बॅक्लोफेन सगळ्या अंगभर फिरते, गुंगी आणते, आणि मज्जारज्जूपाशी थोडेच पोचते. १९८४ साली शिकागोच्या रिचर्ड पेन आणि जेफ्री क्रॉइन यांनी ते थेट मज्जारज्जूभोवतालच्या पाण्यात सोडून पाहिले. पोटाच्या कातडीखाली एक लहान पंप, त्यातून पाठीकडे गेलेली बारीक नळी. अशाने मात्रा तोंडाच्या मात्रेच्या शंभराव्या हिश्श्याहूनही कमी लागते. काही महिन्यांनी सुईने पंप भरायचा. खर्चामुळे तो आमच्यासारख्यांच्या आवाक्यात आला नाही, पण पुष्कळांना त्याने खुर्चीत सुखाने बसता येण्याचे सुख दिले.

आणखी दोन पत्रांचा उल्लेख केल्याशिवाय ही टपालकथा पुरी होणार नाही. १९६७ साली तयार झालेले डँट्रोलीन थेट स्नायूच्या आतच काम करते. ते ताठरपणासाठी आले. पण १९७५ साली दक्षिण आफ्रिकेच्या हॅरिसन यांनी डुकरांवर दाखवले की भूल देताना क्वचित कोणाच्या अंगात जो जीवघेणा ताप भडकतो, त्यावर हे रामबाण आहे. आज शस्त्रक्रियेच्या खोलीत ते त्यासाठीच हाताशी ठेवतात. म्हणजे पुन्हा कुरारीचीच वाट! आणि दुसरे पत्र याहून नवलाचे. जर्मनीत युस्टिनुस केर्नर नावाचा डॉक्टर होता, जो कवीही होता. बिघडलेले मांस खाऊन माणसे लुळी पडून मरत, त्या विषाचा त्याने १८२० च्या सुमारास अभ्यास केला, थोडे स्वतः घेऊनही पाहिले, आणि लिहून ठेवले की मज्जातंतू अति खवळतात अशा रोगांत हे विष कधीतरी औषध होईल. कवीच तो! पण दीडशेहून अधिक वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या अ‍ॅलन स्कॉट यांनी तिरळ्या डोळ्याच्या स्नायूत त्याच विषाचा अतिसूक्ष्म अंश टोचून डोळा सरळ केला, आणि पुढे ताठरलेल्या हातापायांच्या स्नायूंतही ते टोचू लागले. हेच बोटुलिनम. ज्यांना सुरकुत्या घालवायच्या असतात त्यांच्याही घरी ते पोचले आहे, ते वेगळे.

आता एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना मला अजून लाज वाटते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. पाणी पायरीला लागले तेव्हा आम्ही घर सोडले आणि उंचावरच्या शाळेत गेलो. पितळी डबा घेतला होता, पण त्यात चारच गोळ्या निघाल्या. रस्ते बंद, औषधांची दुकाने पाण्यात. सुमन घाबरली. मी तिला धीर देत म्हणालो, "अगं, पायाची गोळी ती. जीवावरची थोडीच आहे? आठ दिवस नाही मिळाली तर पाय जरा ताठतील, एवढंच." मास्तर होतो ना, लोक माझे ऐकत.

गोळ्या संपल्यावर दुसऱ्या दिवशी बाळूचे पाय फळीसारखे झाले. तिसऱ्या दिवशी त्याचे अंग तापले, घामाने सतरंजी भिजली, आणि तो कोपऱ्याकडे बोट दाखवून म्हणू लागला, "दादा, बैलं आत आली बघ, हाकल त्यांना." खोलीत बैल नव्हते. आईही आत येऊन बसली आहे, असे तो म्हणाला. आई जाऊन सहा वर्षे झाली होती. मला वाटले, पुराच्या पाण्याचा ताप डोक्यात गेला. सुमनने मात्र शाळेच्या गच्चीवरून बचावाच्या नावेला हाका मारून मारून नाव आणवली, आणि आम्ही त्याला पाण्यातून दवाखान्यात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "कुठली गोळी बंद झाली?" ऐकल्यावर त्यांनी लगेच ती सुरू केली आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, ही गोळी पायरी पायरीने चढायची असते, आणि उतरायचीही पायरी पायरीनेच. एकदम सोडली तर आकडी येते, भास होतात, माणूस दगावूही शकतो."

दोन दिवसांत बैल निघून गेले. बाळू शुद्धीवर आला तेव्हा मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "चालायचंच. पण आई दिसली होती रे, दादा." मी काही बोललो नाही.

त्या दिवसापासून गोळीच्या इतिहासाकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. गिल, बर्गर, केबर्ले, कोणालाच आपले औषध कुठे पोचणार हे ठाऊक नव्हते. बॅक्लोफेनचा प्रवास तर अजूनही संपलेला नाही. ऑलिव्हिए अमेझेन नावाच्या फ्रेंच हृदयरोगतज्ज्ञाने स्वतःचे दारूचे व्यसन ह्याच गोळीने सुटल्याचे २००४ साली जाहीर केले, आणि २०१८ साली फ्रान्सने त्या उपयोगाला परवानगीही दिली. बाकीच्यांच्या चाचण्यांचे निकाल मात्र एकमेकांशी जुळत नाहीत. औषधाचा खरा पत्ता बाटलीवर छापलेला नसतो. तो रोग्याच्या अंगावर लिहिलेला असतो, आणि जवळ बसून पाहणाऱ्याला वाचता येतो. बर्गरने तो उंदरांच्या अंगावर वाचला, सुमनने बाळूच्या गुडघ्यांवर. मी पुस्तके वाचत होतो, म्हणून मला तो दिसला नाही.

परवा वसुबारसेला आकाशकंदील लावायचा होता. दरवर्षी तो बाळूच लावतो. तो त्याचा मान आहे. त्या दिवशी सुमन दुपारची गोळी तासभर उशिरा देते. हे कोणत्या पुस्तकात लिहिलेले नाही; डॉक्टरांना विचारून, त्यांच्या संमतीने तिने ठरवले आहे. बाळू दारापर्यंत आला, दोन्ही काठ्या मी धरल्या, त्याने चौकटीला खांदा टेकला, आणि ताठ पायांवर उभा राहून कंदिलाची दोरी खिळ्याला बांधली. मग सुमनने त्याला खुर्चीत बसवले, पितळी डबा उघडला, आणि गोळीबरोबर हातावर एक करंजी ठेवली.